चक्रीवादळ कसे तयार होते आणि गोदाकाठी आपण काय एहतियात घ्यायची?

चक्रीवादळ म्हटले की डोळ्यांसमोर समुद्र येतो, वाकलेली नारळाची झाडे येतात, टीव्हीवरचा मुंबईचा किनारा येतो. निफाड तालुक्यातल्या सायखेड्यापासून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. म्हणून ‘आपला काय संबंध?’ असे पुष्कळ जण म्हणतात.

संबंध आहे, आणि तो अलीकडच्या काळात दोनदा दिसला. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडला धडकून उत्तर महाराष्ट्रावरून पुढे गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ थेट आंध्रच्या किनाऱ्यावरून चालत आले आणि त्याच्या पावसाने नाशिकला गोदावरीला पूर आला. पहिल्याने आपल्याला मुख्यतः वाऱ्याचा धोका दाखवला, दुसऱ्याने पाण्याचा. हा फरक समजला तर पुढच्या वेळी कशाला घाबरायचे, कशाला नाही, आणि आधी काय करायचे हे घरातल्या प्रत्येकाला कळेल. या लेखात वादळ कसे बनते, हवामान खात्याचे इशारे कसे वाचायचे आणि वादळाच्या आधी, दरम्यान व नंतर काय करायचे, हे क्रमाने दिले आहे.

तूफान, टायफून, चक्रीवादळ: एकच की वेगळे?

‘तूफान’ हा शब्द आपल्या घरात रोजचा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र फक्त जोराचा वारा असा नाही. सगळे बुडवून टाकणारे पाणी, महापूर, हा त्याचा जुना अर्थ. हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांच्या किश्शात जो तूफान येतो तो पाण्याचाच. गोदाकाठच्या माणसाने हा जुना अर्थ लक्षात ठेवावा, कारण समुद्रापासून इतक्या लांब तूफान बहुतेक वेळा पाण्याच्या रूपातच पोहोचते.

इंग्रजीतला ‘टायफून’ हा शब्द घडण्यात याच अरबी ‘तूफान’चा आणि चिनी शब्दाचाही हात आहे, असे भाषातज्ज्ञ मानतात. विज्ञानाच्या दृष्टीने टायफून, हरिकेन आणि चक्रीवादळ एकच आहेत, फक्त ठिकाण वेगळे. जपान, फिलिपिन्स, चीनच्या बाजूच्या प्रशांत महासागरात त्याला टायफून म्हणतात. अमेरिकेच्या बाजूला हरिकेन. आपल्या अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात सायक्लोन, म्हणजे चक्रीवादळ.

वादळ बनते कसे?

चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवा. थोड्या वेळाने झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. पाण्याची वाफ होताना ती चुलीची उष्णता आपल्याबरोबर घेऊन वर गेली आणि झाकणाला लागून परत पाणी होताना ती उष्णता तिथे सोडून दिली. म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा जास्त बसतो. चक्रीवादळाचे इंजिन याच नियमावर चालते. तिथे पातेले म्हणजे समुद्र आणि चूल म्हणजे सूर्य.

टप्पे असे:

१. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असावे लागते, आणि तेही फक्त वरचा थर नव्हे, तर सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. नाहीतर वारा वाहू लागताच खालचे थंड पाणी वर येते आणि चूल विझते.

२. तापलेल्या पाण्यावरची दमट हवा हलकी होऊन वर जाते. खाली हवा कमी होते, दाब घटतो. बातम्यांत आपण ‘कमी दाबाचे क्षेत्र’ ऐकतो ते हेच.

३. ती पोकळी भरायला चारी बाजूंनी हवा धावून येते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही हवा सरळ मध्यात न पोहोचता वळते आणि गोल फिरू लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, साधारण पाच अंशांच्या आत, हे वळवणारे बल फार कमी असते, म्हणून तिथे चक्रीवादळे सहसा बनत नाहीत.

४. वर गेलेली वाफ थंड होऊन ढग बनते आणि उष्णता सोडते. त्यामुळे हवा आणखी वर उठते, खाली दाब आणखी घटतो, आणखी वाफ ओढली जाते. चक्र स्वतःच स्वतःला जोर देत राहते.

५. या सगळ्यासाठी एक अट असते. खालचे आणि उंचावरचे वारे फार वेगळ्या दिशेने किंवा वेगाने वाहणारे नसावेत. तसे असतील तर ढगांचा मनोरा तिरका होऊन मोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनचे वारे असेच असतात, म्हणून ऐन पावसाळ्यात आपल्याकडे मोठी चक्रीवादळे क्वचितच होतात. आपले वादळांचे दिवस दोन: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. सप्टेंबरच्या अखेरीसही, ‘गुलाब’सारखे, एखादे येऊ शकते.

जोरदार वादळाच्या मधोमध ‘डोळा’ तयार होतो. तिथे वारा मंद आणि कधी कधी आकाशही मोकळे असते. त्याच्या भोवतीच्या ढगांच्या भिंतीत मात्र सर्वांत भयंकर वारा आणि पाऊस असतो. डोळा डोक्यावरून जाताना सगळे शांत झाल्यासारखे वाटते, लोक बाहेर येतात, आणि थोड्याच वेळात उलट्या दिशेने तितकाच जोरदार वारा सुटतो. किनाऱ्यावरच्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

जमिनीवर आल्यावर वादळाला गरम पाणी मिळत नाही. झाडे, घरे, डोंगर यांच्याशी घासून वाराही मंदावतो, म्हणून ते काही तासांत कमजोर होते. पण त्याच्या ढगांतले पाणी लगेच संपत नाही. वारा किनाऱ्यावर संपला तरी पाऊस शेकडो किलोमीटर आत जातो. आपल्यासाठी या लेखातली सर्वांत महत्त्वाची वैज्ञानिक गोष्ट हीच.

वाऱ्याच्या वेगाप्रमाणे दर्जे

भारतीय हवामान खाते वादळाचा दर्जा सतत वाहणाऱ्या वाऱ्याच्या वेगावरून ठरवते. ताशी किलोमीटरमध्ये हे दर्जे साधारण असे:

• डिप्रेशन: ३१ ते ५०
• डीप डिप्रेशन: ५१ ते ६२
• चक्रीवादळ: ६३ ते ८८ (इथून नाव मिळते)
• तीव्र चक्रीवादळ: ८९ ते ११७
• अतितीव्र चक्रीवादळ: ११८ ते १६६
• त्यापुढचा, अत्यंत तीव्र दर्जा: १६७ ते २२१
• महाचक्रीवादळ, म्हणजे सुपर सायक्लोन: २२२ आणि त्यावर

ही यादी फक्त वाऱ्याची आहे, पावसाची नाही. कागदावर ‘डिप्रेशन’ एवढाच दर्जा उरलेले वादळही एका रात्रीत नदी फुगवू शकते. ‘अरे, आता ते कमजोर पडले’ ही बातमी ऐकून गोदाकाठच्या माणसाने निर्धास्त होऊ नये.

नावे कोण ठेवतो?

आपल्या भागातल्या वादळांची नावे १३ देश मिळून देतात: भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मालदीव, इराण, ओमान, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन. प्रत्येकाने १३ नावे दिली आणि १६९ नावांची यादी एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली. त्या यादीतले पहिले नाव ‘निसर्ग’, बांगलादेशाने दिलेले. ‘गुलाब’ पाकिस्तानचे, ‘शाहीन’ कतारचे, ‘जवाद’ सौदीचे, ‘गती’ आणि ‘तेज’ भारताचे. नावाला धर्माचा किंवा शकुनाचा काही संबंध नसतो. बातमी सांगायला आणि लक्षात ठेवायला सोपे जावे, एवढाच हेतू. एखादे उर्दू-अरबी नाव आले की व्हॉट्सअॅपवर चेष्टा किंवा उलटसुलट गोष्टी फिरतात. मुलांना खरे कारण सांगावे, विषय संपतो.

निसर्ग: वाऱ्याचा धडा

१ जून २०२० ला अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाले. दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. म्हणजे पहिल्या खुणेपासून धडकेपर्यंत जेमतेम दोन-अडीच दिवस. लॉकडाउनचे दिवस असतानाही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवले गेले.

आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने पुढे सरकते त्याच्या उजव्या बाजूला वारा जास्त जोरदार असतो, कारण फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा वेग तिथे एकमेकांत मिळतो. ‘निसर्ग’ ईशान्येकडे जात होते. मुंबई डाव्या बाजूला राहिली आणि बरीच वाचली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा हा पट्टा उजव्या बाजूला सापडला. तिथल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड नव्याने लावले तर उत्पन्न द्यायला कित्येक वर्षे घेते. छप्पर महिन्यात बसते, वाडी एका पिढीचा प्रश्न असतो.

वादळ पुढे पुणे जिल्ह्यावरून उत्तर महाराष्ट्राकडे सरकले आणि कमजोर होत विदर्भाकडे गेले. नाशिक भागात पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. जूनच्या सुरुवातीला धरणे तळाला गेलेली असतात, त्यामुळे पुराचा धोका कमी होता. पण त्याच दिवसांत निफाड तालुक्यात उन्हाळ कांदा चाळींत भरलेला असतो. चाळीचा पत्रा उडाला आणि कांदा भिजला की तो सडतो, आणि वर्षाची कमाई हातची जाते. मे-जूनच्या वादळाने आपल्याकडे धोका कशाला, तर पत्र्याला, झाडाला, विजेच्या खांबाला आणि साठवलेल्या मालाला.

पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आले. १४ मे २०२१, ईद-उल-फित्रचा दिवस. त्याच दिवशी अरबी समुद्रात ते आकार घेऊ लागले आणि १७ मेच्या रात्री दीव-उनाजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर गेले. मुंबईला ते धडकले नाही, नुसते बाजूने गेले, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत नोंदले गेले. मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते, ७० पेक्षा जास्त जीव गेले. इशारा मिळूनही समुद्रात थांबण्याची किंमत काय असते, ते या घटनेने दाखवले.

गुलाब: पाण्याचा धडा

‘गुलाब’ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. सायखेड्यापासून तो किनारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. चक्रीवादळ म्हणून ते लवकरच संपले. पण त्याचे कमी दाबाचे क्षेत्र तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असे पश्चिमेकडे चालत राहिले. २७-२८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, बीड, लातूर, उस्मानाबाद भागात लोकांना पुरातून बाहेर काढावे लागले. नाशिकला गोदावरी दुथडी भरून वाहिली आणि रामकुंडाच्या आसपासची छोटी मंदिरे पाण्यात गेली.

याच वादळाचे अवशेष पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले. तिथे गरम पाणी मिळताच ते परत उठले, ‘शाहीन’ हे नवे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकले. आपल्याकडच्या किती तरी घरांतला मुलगा, भाऊ किंवा शोहर मस्कत-सोहारच्या बाजूला नोकरीला असतो. त्याच एका वादळाने आधी गाव भिजवले आणि आठवड्याभरात परदेशातल्या माणसालाही गाठले. २००७ च्या जूनमध्ये ‘गोनू’ने ओमानला असाच तडाखा दिला होता. आखातात वादळे येत नाहीत, हा समज म्हणून सोडून द्यावा.

जून २०२० आणि सप्टेंबर २०२१ यांत फरक धरणांचा होता. सप्टेंबरअखेर धरणे भरलेली असतात, जमीन पाणी पिऊन तृप्त असते. तेव्हा पडलेला पाऊस मुरत नाही आणि धरणात मावत नाही. तो थेट नदीत येतो. म्हणून इशारा आला की आपण दोन प्रश्न विचारायचे: महिना कोणता? आणि धरण किती भरले आहे?

सायखेडा-चांदोरीला पाणी का चढते?

गोदावरीच्या एका काठाला सायखेडा, समोरच्या काठाला चांदोरी आणि मध्ये पूल. वरच्या बाजूने गंगापूर धरणातून सोडलेले पाणी नाशिक शहरातून वाहत येते. वाटेत दारणासांगवीजवळ दारणा नदी गोदावरीला मिळते आणि दारणा धरणाचे पाणीही त्यात येते. खालच्या बाजूला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथे पाणी तुंबले की फुगवटा मागे सरकतो. म्हणजे वरून दोन नद्यांचे पाणी आणि खालून फुगवटा, अशी आपली जागा आहे. वाहून आलेल्या पानवेली पुलाला अडकल्या की आणखी अडथळा होतो.

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा-चांदोरीत शिरलेले पाणी अनेकांनी पाहिले आहे. ते पूर चक्रीवादळाचे नव्हते, मान्सूनचे होते. पण पाण्याचा रस्ता तोच असतो. वादळाचा पाऊस भरलेल्या धरणांवर पडला तर २०१६ आणि २०१९ मध्ये जिथपर्यंत पाणी आले होते, तिथे ते परत येऊ शकते. घराच्या, दुकानाच्या भिंतीवर तेव्हाची खूण असेल तर ती पुसू नका, रंगवून ठेवा. घरात इतकी खात्रीची मोजपट्टी दुसरी नाही.

बातमीत ‘इतके क्युसेक विसर्ग’ असे येते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. १० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर, अर्थात १० हजार लिटरचे २८ टँकर प्रत्येक सेकंदाला. गंगापूरचा विसर्ग आणि दारणाचा विसर्ग नेहमी मिळवून पाहा, कारण आपल्याकडे दोन्ही येतात. नाशिकचे लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पूर मोजतात. तिथे पाणी चढले ही बातमी आली की खालच्या गावांना तयारीसाठी थोडेच तास उरलेले असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळे तिसऱ्या प्रकारे त्रास देतात. नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले आणि नाशिकच्या द्राक्षबागांना अवकाळी पावसाचा फटका बसला. २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. एरवी वर्षाला सरासरी एखादेच होते. त्यांतली ‘क्यार’ आणि ‘महा’ महाराष्ट्राला धडकलीही नाहीत, तरी त्या दिवसांतल्या पावसाने छाटणी झालेल्या बागांचे हाल केले. समुद्र तापत चालला आहे, त्यामुळे अरबी समुद्रातही जोरदार वादळांसाठी पोषक स्थिती वाढते आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात.

इशारा कसा वाचायचा?

हवामान खाते चार रंग वापरते. हिरवा: काळजी नाही. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयार राहा. लाल: आता कृती करा. पावसाचे शब्दही ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.५ पासून त्याही पुढचा, अतिवृष्टीचा सर्वांत वरचा दर्जा.

वादळाची सूचना चार टप्प्यांत येते. पहिली सुमारे ७२ तास आधी, दुसरी ४८ तास आधी, तिसरी २४ तास आधी. चौथी सूचना वादळ धडकण्याच्या निदान १२ तास आधी निघते आणि किनाऱ्यावर आल्यानंतर ते कुठे जाईल, आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे तिच्यात असते. नाशिकसारख्या जिल्ह्याने खास या चौथ्या सूचनेकडे पाहायचे.

मोबाइलवर हवामान खात्याचे ‘मौसम’, विजांसाठी ‘दामिनी’ आणि आपत्तीच्या सूचनांसाठी ‘सचेत’ ही अॅप्स मोफत मिळतात. नंबर भिंतीवर लिहून ठेवा: आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, वीज तक्रार १९१२.

इशाऱ्याने खरेच जीव वाचतात का? ओडिशाचा हिशेब पाहा. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार लोक गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे तसेच भयंकर वादळ आले. तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. वादळ तेच होते, लोक वेळेत उठले.

वादळाच्या आधी

• कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत: आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँक पासबुक, पासपोर्ट, निकाहनामा, मुलांचे दाखले. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून एका नातेवाइकाला पाठवा.
• तीन दिवसांची पिशवी: पिण्याचे पाणी, खजूर, चणे, बिस्किटे, टॉर्च, पॉवर बँक, शुगर-बीपीची औषधे, बाळाचे दूध, बायकांसाठी सॅनिटरी पॅड.
• पत्र्याचे हुक तपासा, सैल पत्र्यावर दोरी बांधा. गच्चीवरची टाकी भरून ठेवा, रिकामी टाकी उडते. दुकानाचा बोर्ड उतरवा.
• कांद्याची चाळ ताडपत्रीने झाका, ताडपत्री दोरीने खाली बांधा. काढून ठेवलेला माल शेतात उघडा ठेवू नका.
• बकऱ्या-म्हशी उंच जागेवर न्या. पाणी चढत असेल तर दावे सोडा. बांधलेले जनावर उभ्या जागी बुडते.
• नदीकाठच्या मोटारी, पाइप, स्टार्टर वर काढायचे असतील तर विसर्ग वाढण्याआधी काढा. पाणी वाढताना मोटार वाचवायला उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.
• कुठे जायचे हे आजच ठरवा: उंचावरचे कोणाचे घर, कोणती शाळा, रस्ता कोणता. रात्री बारा वाजता पाण्यात उभे राहून हे ठरत नाही.

वादळ आणि पूर सुरू असताना

• मेन स्विच बंद करा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा.
• खिडक्यांपासून दूर, पक्क्या छपराच्या आतल्या खोलीत राहा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा झाडाखाली थांबू नका.
• पुलावर पूर पाहायला, व्हिडिओ काढायला जाऊ नका. वाहते पाणी वीतभर असले तरी माणसाचा पाय उचलला जातो आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. पुलावरून पाणी जात असेल तर पलीकडे जायचे नाही, लग्न असो वा मय्यत.
• चालत बाहेर पडावेच लागले तर लांब बुरखा, साडी, लुंगी वाहत्या पाण्यात पायात अडकते. सलवार-कमीज घालून ओढणी कमरेला बांधा, हातात काठी घ्या, लहान मुले मध्ये ठेवा.
• प्रशासनाने घर सोडायला सांगितले तर लगेच सोडा. ‘शाळेत इतक्या लोकांत आमच्या बायका कशा राहतील’ म्हणून कुटुंबे शेवटपर्यंत थांबतात. ग्रामपंचायतीला आधीच सांगा, बायकांसाठी वेगळी खोली मागून घ्या. पडद्याची सोय होऊ शकते, गेलेला जीव परत येत नाही.
• मुसळधार पावसात घरीच नमाज पढण्याची सवलत हदीसमध्ये आलेली आहे. अशा दिवशी बुजुर्गांना पाण्यातून मशिदीत नेऊ नका. शंका असेल तर इमाम साहेबांना विचारून आधीच ठरवा.

वादळ गेल्यावर

• पडलेल्या तारेला हात लावू नका, जवळच्या पाण्यातही पाय ठेवू नका. १९१२ ला कळवा.
• भिजलेल्या घरात वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.
• पाणी उकळून प्या, किंवा क्लोरीनच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून घ्या. पुराच्या पाण्याला लागलेले अन्न फेकून द्या.
• पुराबरोबर साप घरात, लाकडांत, चाळीत शिरतात. साप चावला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, झाडफुंकीत वेळ घालवायचा नाही. हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात न्या.
• चिखलातून चालून नंतर ताप आला तर अंगावर काढू नका. लेप्टोची तपासणी करून घ्या.
• नुकसानीचे फोटो सफाईच्या आधी काढा. तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करा आणि पंचनाम्यात आपले नाव, नुकसानीचा आकडा आला का ते वाचून पाहा. पीकविमा असेल तर नुकसान कळवायची अट आणि मुदत काय आहे ते लगेच विचारून घ्या. ती चुकली की पुढची धावपळ फुकट जाते. भाड्याने राहणाऱ्याचे सामान गेले असेल तर त्यानेही नोंद करून घ्यावी.

मोहल्ल्याचे काम

मशिदीचा लाउडस्पीकर हे गावातले फार उपयोगी साधन आहे. जमातने दोन माणसे नेमावीत. त्यांनी फक्त तहसील, ग्रामपंचायत किंवा हवामान खात्याची बातमी पाहून एलान करावे: कोणत्या धरणातून किती विसर्ग, किती वाजता, कोणत्या गल्लीने हलायचे. एलान मराठीतही करावे आणि ते सगळ्या गावासाठी असावे. पाणी गल्ल्या पाहून शिरत नाही. वीज गेली तर काय, म्हणून बॅटरीवरचा भोंगा ठेवावा.

एकट्या राहणाऱ्या बुढ्या, विधवा, अपंग, बाळंतीण आणि नदीकाठच्या झोपड्यांत राहणारे मजूर यांची यादी आधीच करावी. प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव लिहावे. पाणी आले की त्याने आधी त्या घरी जायचे.

अफवांचे काय? ‘धरण फुटले’ हा मेसेज प्रत्येक पुरात फिरतो. ज्या मेसेजला तारीख, वेळ आणि खात्याचे नाव नाही, तो पुढे पाठवू नका. अशी अफवा ऐकून रात्री पळताना माणसे पडतात आणि दुसऱ्या वेळी खरा इशारा आला तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तवक्कुलचा अर्थ हात बांधून बसणे नाही. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडे उंट नाहीत, बकऱ्या आहेत, कांद्याच्या चाळी आहेत, कागद आहेत, म्हाताऱ्या दादी-नानी आहेत. वादळ आपल्याला निदान दोन दिवस आधी सांगून येते, भूकंप तेवढाही वेळ देत नाही. ते दोन दिवस कामात आणले तर दुआ करायला आपण सगळे शाबूत असू.